सुझनची मुळशी खेप

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही सूसहून निघालो. गाडीत दोन माणसं होती, दोन थर्मास, एक डबा, एक ताडपत्री आणि अठराव्या शतकातलं एक ब्रिटिश जहाज. ठरलेली वेळ सातची होती. वरची दहा मिनिटं जहाजाने खाल्ली, कारण ते कुठल्याच बाजूने गाडीत मावेना.

जहाज म्हणजे अर्थात लाकडी प्रतिकृती. लांबी तीन फूट दोन इंच, डोलकाठ्या तीन, शिडं अकरा. माझ्या यादीत ते त्र्याऐंशीव्या ओळीवर होतं. यादी कसली ते सांगते. माझे धाकटे काका, अण्णाकाका, सूसमध्ये तळमजल्यावरच्या घरात एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी त्यांचं सगळं सामान हिंजवडीला, त्यांच्या मुलाच्या, म्हणजे नितीनच्या, चौदाव्या मजल्यावरच्या घरी जायचं होतं. आमच्याकडे कुणाचंही बिऱ्हाड हलायचं असलं की सांगलीहून मला बोलावतात, कारण मी याद्या करते आणि त्या पाळते. तीन दिवसांत मी काकांचं घर एकशे बारा ओळींत बसवलं. फक्त त्र्याऐंशीपुढच्या ‘खोका’ या रकान्यात काय लिहावं ते ठरत नव्हतं.

“सुझनला खोका नको,” काका जहाजाकडे बघत म्हणाले. “नितीनने काचेची पेटी करून घेतलीय. उद्या ती आत बसली की सुतार वरून पट्टी मारून पेटी बंद करणार. धूळ जायला नको म्हणून.”

“मग बरंच झालं की.”

“बरंच झालं.” मग ते बराच वेळ पुसलेलंच टेबल पुसत राहिले. “कुंदा, नऊ वर्षं मी जहाज केलं की शोपीस, ते एकदा बघायचं होतं गं. पाण्यात. एकदाच.”

मी वहीचं नवं पान उघडलं आणि वर लिहिलं : मुळशी.

तर ते जहाज शेवटी मागच्या सीटवर आडवं बसलं आणि त्याच्या पुढची नाकासारखी लांब काठी डाव्या खिडकीतून वीतभर बाहेर आली. लोखंडी सळया नेणारे ट्रक बांधतात तशी मी तिला लाल चिंधी बांधली. समोरून हिंजवडीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. आतली माणसं माना टाकून झोपली होती. एक जण जागा झाला, त्याने आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले. स्वप्न चालू आहे असं त्याला वाटलं असावं.

नांदे, लवळे करत आम्ही पिरंगुटला पोचलो आणि चौकात अडकलो. शेजारच्या टेम्पोवाल्याने मान बाहेर काढली.

“काकू, गणपतीला अजून नऊ म्हैनं हायेत!”

“गणपतीचं नाही हो,” काका माझ्या अंगावरून वाकून ओरडले, “देवमासे मारायचं जहाज आहे!”

“मुळशीत?”

“बघू. मिळाला तर.”

“मिळाला तर किलोभर ठेवा आमाला. आन् काटं काढून!”

सिग्नल सुटला. काका पौडपर्यंत हसत होते. मी त्यांना असं हसताना काकू गेल्यापासून पहिल्यांदाच बघत होते.

आता जहाजाची ओळख. काका पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. नऊ वर्षांपूर्वी रद्दीच्या दुकानात त्यांना जुन्या जहाजांवरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यातल्या एका जहाजाचं नाव होतं ‘चीअरफुल सुझन’. हसरी सुझन. नावावरच काकांचा जीव जडला. शेवटची पानं फाटलेली होती, पण आराखडे शाबूत होते.

सुझनची नोकरी कशी झाली, हे काकांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मी ते वहीत उतरवून ठेवलं आहे. थेम्सच्या काठी बांधली. पहिल्यांदा उत्तरेच्या बर्फात देवमाशांच्या मागे गेली आणि एकही मासा न दिसता परत आली. दुसऱ्या खेपेला बर्फात अडकली आणि खलाशांनी करवती घेऊन तिच्यासाठी वाट कापली. तिसऱ्या खेपेला तेलाची पिंपं इतकी भरली की कप्तानाला स्वतःच्या खोलीतही दोन पिंपांच्या मधे झोपावं लागलं. मग युद्ध आलं आणि सरकारने तिला बिस्किटं आणि विजारी वाहायला लावलं. नंतर दक्षिणेचे समुद्र, एकेक फेरी तीन-तीन वर्षांची. म्हातारपणी ती व्यापारात शिरली. साखर, लाकूड, आणि एकदा तर मुंबईहून कापूस. आणि शेवटी, काका अगदी पुस्तकातल्यासारखं म्हणतात, “कोळसा भरून ती बंदरातून निघाली, आणि...”

“आणि काय?”

“आणि पान फाटलंय.”

पौडला चहा आणि मिसळ घेतली. चहाला दहापैकी आठ. मिसळ सांगलीच्या माणसाने जपून खावी. तिखट नव्हती, गोडही नव्हती, तिला कसलंच मत नव्हतं. वडापाव मात्र उत्तम. मालकाने जहाजासाठी वेगळी सावली दिली आणि पैसे घेताना विचारलं, “ह्यांनी काय घेतलं?”

पौड सोडल्यावर डोंगर जवळ येतात. भात कापून झालं होतं. खाचरांत नुसती धसकटं उभी होती आणि बांधावर पेंढ्याच्या गंजी. एका वळणावर डाव्या हाताला अचानक पाणी दिसलं आणि मी गाडी बाजूला घेतली, जे माझ्या वेळापत्रकात नव्हतं. आमच्या कृष्णेचं पाणी कायम कुठेतरी निघालेलं असतं. इथलं पाणी डोंगरांच्या बोटाबोटांत शिरून निवांत बसलं होतं, आणि डिसेंबरच्या उन्हात त्याच्यावर वाऱ्याच्या बारीक निऱ्या पडत होत्या.

“वारा आहे,” काका म्हणाले. एवढंच. पण सीटचा पट्टा त्यांनी तेव्हाच सोडला.

धरणाच्या फुगवट्याचा एक फाटा जिथे अरुंद होतो, तिथे होडीवाले बबनराव असतात. पन्नाशीचे, डोक्याला मफलर, पायांत काही नाही. पलीकडच्या वाडीची माणसं, गॅसच्या टाक्या, शाळेचे शिक्षक, सगळं त्यांच्या होडीतून जातं. आम्ही जहाज ताडपत्रीवर ठेवलं तसे ते उठून आले आणि त्यांनी त्याला दोन प्रदक्षिणा घातल्या.

“कुणी केली?”

“मी,” काका म्हणाले.

“लई बारीक काम हाय, बाबा. पोटात काय हाय?”

काकांनी मधल्या फळीवरचं झाकण उघडून दाखवलं. आत करंगळीच्या पेराएवढी साठ लाकडी पिंपं ओळीने होती. बबनरावांनी एक उचलून कानाशी हलवलं आणि परत ठेवलं.

माझ्या मुळशीच्या यादीत सतराव्या ओळीवर नारळ होता. हळदकुंकूही होतं. थेम्सच्या काठी बांधलेल्या सुझनच्या नाकाला मी हळदकुंकू लावलं. नारळ तीनदा आपटूनही फुटला नाही; चौथ्यांदा फुटला तेव्हा पाणी सगळं काकांच्या विजारीवर. मग पतंगाची फिरकी काढली. शंभर मीटर दोरा होता. त्याचं टोक मी स्वतः जहाजाच्या मागच्या कडीला दुहेरी गाठीने बांधलं आणि ओढून बघितलं. वहीत खूण केली.

काका गुडघाभर पाण्यात गेले. मूल न्हाणीत ठेवावं तसं त्यांनी जहाज दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवलं आणि हात काढले.

सुझन आडवी पडली.

बुडाली नाही. नुसती कुशीवर झाली आणि अकराच्या अकरा शिडं पाण्याला चिकटली. काकांनी तिला उभं केलं. ती दुसऱ्या कुशीवर झाली. तिसऱ्यांदा उभं केलं तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, आणि ते थंडीने नव्हे हे मला कळत होतं. आठ महिन्यांपासून त्यांचे हात तसेच आहेत. शेवटच्या दोऱ्या त्यांनी दातात धरून बांधल्या होत्या.

“चला,” ते म्हणाले. “शोपीस.” आणि रुमाल काढून शिडं टिपायला लागले.

माझ्या पिशवीत एक्केचाळीस वस्तू होत्या आणि एकही उपयोगाची नव्हती.

“रिकामी हाय, म्हनून पडतीया,” बबनराव मागून म्हणाले.

“साठ पिंपं आहेत आत!” काका म्हणाले.

“रिकामी पिंपं. म्या हलवून बघितलं की. अवो बाबा, वाऱ्याच्या दिवसात रिकामी होडी माझ्या आज्यानंबी कदी पान्यात न्हाई घातली. मानसं नसली तर धोंडं घालतो. ही बघा की माझी.” त्यांच्या होडीच्या तळात खरंच पाच गुळगुळीत धोंडे होते.

काकांनी कपाळावर हात मारला. मग माझ्याकडे बघितलं. मी वही उघडली. सुझनच्या नोकरीच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : पहिली खेप, जाताना दगड. दुसरी खेप, जाताना दगड. तिसरी खेप, जाताना दगड. काकांनी नऊ वर्षांत पाचशे वेळा सांगितलं, मी नीट उतरवून घेतलं, खाली रेघही मारली, आणि आम्हा दोघांपैकी कुणीही जहाजात एक खडा घातला नव्हता. आराखड्यात दगड काढलेले नव्हते ना!

“ड्राफ्ट्समन!” काका स्वतःलाच म्हणाले आणि खो खो हसायला लागले.

पुढचा अर्धा तास तीन प्रौढ माणसं काठावर उकिडवी बसून खडे वेचत होती. पिंपं काढून माझ्या डब्यात ठेवली. खडे भरायला माझ्याकडे छोट्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या (ओळ बावीस, आणि काका आदल्या दिवशी विचारत होते की याचं काय काम). बबनराव हुकूम सोडत होते. “म्होरं जास्त झालं. ताई, दोन काढा. आता डाव्या अंगाला. त्यो न्हाई, त्यो लई मोठा हाय, लगीन हाय काय तिचं?”

काकांनी पुन्हा जहाज पाण्यावर ठेवलं आणि हात काढले. सुझन एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे, आणि मग सरळ उभी राहिली. नुसती उभी नाही. वाऱ्याने शिडं भरली, ती जराशी कलली, आणि निघाली.

मी बावन्न वर्षांची आहे. चारचौघांत ओरडत नाही. मी ओरडले. काका पाण्यात उभे राहून दोन्ही हात हलवत होते. बबनरावांनी शिट्टी मारली. माझ्या हातात फिरकी गरगर फिरत होती आणि तीन फूट दोन इंचांचं ते जहाज निळ्या पाण्यावर खऱ्या जहाजासारखं डोलत, नाकाने लाटा कापत चाललं होतं. लाल चिंधी काढायची राहिली होती. ती निशाणासारखी फडफडत होती.

मग फिरकी हलकी झाली. मी खाली बघितलं. ती रिकामी होती.

दोऱ्याचं एक टोक मी जहाजाला दुहेरी गाठीने बांधलं होतं. दुसरं टोक फिरकीला बांधलेलं आहे की नाही, हे बघितलंच नव्हतं. ते नुसतं गुंडाळलेलं होतं. पतंग उडवणाऱ्या कुठल्याही पोराने आधी तेच बघितलं असतं.

“काका,” मी म्हणाले, “गेली.”

मला वाटलं ते खाली बसतील. पण ते जहाजावरची नजर न काढता म्हणाले, “अगं, बघ तरी कशी चाललीय!”

“चला, बसा,” बबनराव म्हणाले. त्यांनी होडी ढकलली तेव्हा मी काकांना लाइफ जॅकेट घातलं. त्याचे बंद मी मागे बांधले आणि ते पुढे बांधायचे असतात, हे अर्ध्या वाटेत कळलं. बबनराव वल्ही मारत होते, मी भांड्याने तळातलं पाणी उपसत होते, आणि काका पुढे बसून बातमी देत होते. “सरळ आहे! वळली! नाही, सरळ आहे!” सुझन आमच्यापेक्षा जोरात होती. पलीकडच्या काठावर मेंढरं पाणी प्यायला उतरली होती. ती जहाज बघून आधी थांबली, मग सगळी एकदम डोंगराकडे पळाली. सुझनने नऊ वर्षांत पहिल्यांदाच जमीन गाठली, आणि एका बाईने वाकून तिला उचलून घेतलं.

आम्ही पोचेपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. त्या बाई म्हणजे हिराबाई, धनगर समाजातल्या. साठीच्या पुढे, पदर खोचलेला, आवाज डोंगरापलीकडे जाईल असा. बबनरावांची त्यांची जुनी ओळख.

“बबन्या, तुझी होडी आटली का रं?” त्या ओरडल्या. “माझी मेंढरं भ्याली की!”

सुझन त्यांच्या शेजारी खडकावर होती. झाकण उघडं. खड्यांच्या पिशव्या बाहेर काढून एका रांगेत मांडल्या होत्या.

“ह्यात कुनीतरी गोटं घातलं हुतं,” हिराबाईंनी काकांना तक्रारीच्या सुरात सांगितलं. “चांगल्या भांड्यात गोटं कोन घालतं? म्या काढलं.”

काकांनी त्यांना सगळं सांगितलं. त्या हनुवटीला हात लावून ऐकत होत्या.

“मंजी मासं धरायला हुती ही. केवढा मासा?”

“इथून त्या आंब्यापर्यंत.”

“आन् त्यो खायाचा?”

“नाही. तेल काढायचे. दिव्यात जाळायला.”

“दिव्यापायी येवढा मासा मारायचा?” त्यांनी बबनरावांकडे बघितलं. “आयकलं का रं? आपलीबी जमीन दिव्यापायीच पान्याखाली हाय. मुंबैला वीज द्यायला ह्ये धरान बांदलं. दिवा लावून येवढं बघत्यात तरी काय ही मानसं?”

नऊ वर्षांत हा प्रश्न काकांना कुणी विचारला नव्हता. मग हिराबाईच हसल्या आणि आम्हाला बसायला घोंगडी दिली. तांदळाची भाकरी, ठेचा आणि आंबट ताक. माझ्या डब्यात देवमाशाच्या तेलाची साठ पिंपं होती, त्यामुळे आमच्या पोळ्या रुमालात होत्या. त्याही सगळ्यांनी खाल्ल्या. ठेच्याला दहापैकी दहा. मिसळवाल्याने इथे येऊन शिकावं.

निघताना काका खड्यांच्या पिशव्या परत भरायला लागले, तेव्हा हिराबाईंनी त्यांचा हात धरला.

“ऱ्हाऊ द्या ती. भरलेलं भांडं आलं दारात. गोटं का असंनात, भरून आलंया. ते रिकामं कसं धाडू?”

त्या झोपडीत गेल्या आणि सुपात तांदूळ घेऊन आल्या. कुणाच्या तरी खाचरात आठ दिवस मेंढरं बसवली होती (खतासाठी रात्रीची शेतात ठेवली होती), त्याबद्दल मिळालेला नवा आंबेमोहोर. खडे काढले तेवढ्याच पिशव्यांत त्यांनी तांदूळ भरला, आणि सुझनच्या पोटात स्वतःच्या हाताने रचला. वास असा की मेंढरं परत आली.

शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही हे मला आईने शिकवलं. निदान साखर तरी घालायची. पण जहाजाला हा नियम लागू होतो हे मला सुचलं नसतं. काका मात्र एकदम ताठ बसले.

“कुंदा, वही काढ. जाताना दगड आणि येताना माल! सुझन हेच करायची! लिही!”

मी लिहिलं.

येताना वारा उलटा होता. शिडं गुंडाळली आणि दोऱ्याचं मोकळं टोक होडीला बांधलं. गाठ बबनरावांनी मारली. मला हात लावू दिला नाही. सुझन आमच्या मागून तांदळाच्या वजनाने जड, शांत चालीने येत होती. काका उलटे बसून सगळा वेळ तिच्याकडे बघत होते. काठ जवळ आला तेव्हा म्हणाले, “त्या पुस्तकातलं पान फाटलंय ना, तिथे मला कायम वाटायचं की ती बुडाली. उगाचच.”

“आणि आता?”

“आता काय, आली की.”

सूसला पोचायला साडेचार वाजले, ठरल्यापेक्षा दोन तास उशीर. कुकर अजून खोक्यात गेला नव्हता (घरच्या यादीत ओळ सात, मुद्दाम शेवटी ठेवलेली). अर्ध्या मालाचा भात लावला. नितीन हिंजवडीहून आला तो दारातच थबकला. “कसला वास येतोय!” मग त्याची नजर टेबलावरच्या जहाजावर गेली. शिडं सुकून सुरकुतली होती, नाकाला कुंकू होतं आणि तळाला शेवाळ.

“बाबा, हिला पाण्यात घातलीत? आणि उद्या पेटीला पट्टी मारायला सुतार येतोय!”

“येऊ दे,” काका भात कालवत म्हणाले. “पण पट्टी मारली तर माल कसा चढवायचा?”

“कसला माल?”

“हिराबाईंनी तांदूळ पाठवलाय. आता सुझन तिकडे रिकामी जाईल का? काय पाठवायचं तेच ठरत नाहीये.”

नितीनने माझ्याकडे बघितलं. घरात शहाणं कोण, हे विचारायचं असलं की सगळे माझ्याकडे बघतात.

मी प्रवास भरपूर केलेत. परत आल्यावर यादीतली प्रत्येक ओळ खोडली जावी, एवढीच माझी प्रवासाकडून अपेक्षा असते. या खेपेला मी एक ओळ खोडली आणि दोन वाढल्या. त्र्याऐंशीपुढच्या रकान्यात लिहिलं : खोका नको, जहाज कामावर आहे. त्याखाली सुताराचं काम : पट्टी रद्द, काचेला दार, बिजागऱ्या दोन.

आणि मागच्या पानावर, सुझनच्या नोकरीत, काकांनी स्वतः लिहिलं : मुळशी, दुसरी खेप. जाताना काय माल न्यायचा, ते मी त्यांना सांगितलं. सांगलीची हळद.